फुलपाखराचं सुतक

“हालू नको, जेवून राहिली ती.”

फाटक उघडलं की शेजारच्या मावशी आधी हे बजावायच्या. ती म्हणजे लिंबोणीच्या पानावरची अळी. पदर खोचून, उकिडवं बसून, मोबाइलला भिंग अडकवून मावशी तिचे फोटो काढत. हदगावात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. दिवसभर वाढदिवस आणि श्रद्धांजल्या छापून आंबलेले डोळे मी तिथे निववायला जाई.

मावशींच्या पलीकडच्या भिंतीला लागून आमचे भावी नगरसेवक राहायचे. माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. गड्याला किड्यांची भारी किळस. पाठीवर पंप लावून भिंतीवरून फवारा मारायचा. “कोष फुटायला आलाय बाबा, उद्याच्याला थांब,” मावशींनी हात जोडून सांगितलं होतं. तो थांबला नाही.

सकाळी फुलपाखरू कोषातून अर्धंच बाहेर आलेलं होतं. पंख चुरगळलेले, मेलेलं. मावशींनी रडत रडत त्याचाही फोटो काढला आणि तशाच माझ्या दुकानात आल्या.

“श्रद्धांजली छाप. खाली शोकाकुल म्हणून त्या पंपवाल्याचा फोटो टाक. हात जोडलेला तुझ्याकडं असंलच.”

गिऱ्हाईक जाणार हे कळत होतं. पण तो फोटो पाहिला आणि माझंही डोकं फिरलं. छापला, चांगला ऐसपैस छापला, आणि मावशींच्या भिंतीवर रस्त्याच्या बाजूने स्वतः बांधून आलो.

आता आपल्याकडे फ्लेक्स कसा वाचतात हे तुम्ही पाहिलंच आहे. गाडीवरून जाता जाता ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि शोकाकुलाचं तोंड, बस्स. फुलपाखरू कोण बघतो? दुपारपर्यंत त्याच्या अंगणात टोप्या-उपरण्यांची बैठक भरली.

“कसं झालं हो एकाएकी? परवाच बाजारात भेटले होते तुमचे वडील.”

“अहो, कुणी गेलं न्हाई!” तो घसा फोडून सांगत होता. तेवढ्यात गावाकडून वडिलांचाच फोन आला, “आरं, मी मेलो म्हणून कोण सांगून राहिलंय?”

मावशी ओट्यावर शेंगा फोडत सगळं ऐकत होत्या. इतक्या खूश मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी तो फाटकावर आला. “मावशी, एका किड्यापायी माझी इज्जत घालवून राहिलात.”

“एक रोज थांबला असतास, तर मीबी थांबले असते.”

फ्लेक्स त्यांनी उतरवला नाही. उन्हानं विरून फाटेपर्यंत तो तिथेच होता. पंप मात्र बंद झाला.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. पुण्यातल्या मुलांनी घर विकलं, तेही त्यालाच. त्यानं लिंबोणी तोडली आणि गाडी लावायला फरशी घातली. त्या बाजूची खिडकी मी अजून उघडत नाही. त्याचं काम घेणंही सोडलं. निवडणुकीचे फ्लेक्स त्यानं नांदेडहून छापून आणले आणि निवडून आला.

मिरवणूक माझ्या दुकानासमोर आली तेव्हा डीजे थांबवून तो खाली उतरला. गुलालाची मूठ माझ्या कपाळाकडे आणली. मी त्याचं मनगट धरलं. अख्खी गल्ली बघत होती.

“लेका, अजून त्या किड्याचं धरून बसलास?” तो हसत म्हणाला.

“हाव, बसलोय.”