टीचरचं एकोणीसशे दहा साल

मी एकदा आमच्या फ्लॅटच्या किल्लीच्या भोकात कापूस कोंबला होता. चांगला घट्ट, विणायच्या सुईने रेटून. माझी नातवंडं ही गोष्ट ऐकून पोट धरून हसतात. हसू द्यावं. शारजात राहणारी ती अठ्ठावीस वर्षांची बाई हसण्यासारखीच होती. वर बी.एस्सी. होती, तीही केमिस्ट्री घेऊन. ती मीच होते हे मला आजही कबूल करायला जड जातं, म्हणून मी तिला 'ती शहाणी' म्हणते.

कापसाची कल्पना मात्र त्या शहाणीची स्वतःची नव्हती. ती टीचरकडून उचललेली होती.

टीचर आमच्या समोरच्या दारात राहायच्या. अल मजाजला, लगूनच्या मागच्या गल्लीत आमची इमारत होती. चौथ्या मजल्यावर ते एक दार आणि हे एक दार. त्या मूळच्या मिरजेच्या, पन्नाशीच्या आसपासच्या, लग्न न केलेल्या. एका भारतीय शाळेत दहावीला इतिहास शिकवायच्या. सगळी इमारत त्यांना 'टीचर' म्हणायची. खालचा पठाण वॉचमनसुद्धा. त्यांचं खरं नाव पत्रपेटीवर होतं, पण ते कुणी वाचत नसे.

काहीही बिघडलं की टीचर उजव्या हाताचं बोट वर करायच्या आणि समोर फळा असल्यासारखे हवेत चार आकडे लिहायच्या. एक, नऊ, एक, शून्य. मग खडू नसतानाही बोटं झटकायच्या आणि म्हणायच्या, "नवीन काही नाही."

पाण्याची मोटर जळली, दोन दिवस नळ कोरडे. टीचर जिन्यात भेटल्या. "एकोणीसशे दहा साली पॅरिसच्या रस्त्यांवरून होड्या चालल्या होत्या गं. तिथे पाणी जास्त झालं, इथे कमी झालं. नवीन काही नाही." घरमालक बदलला. "पोर्तुगालचा राजा त्या साली राज्य सोडून पळाला. हा तर नुसता घरमालक!" माझी पाच वर्षांची मनू शाळेच्या बसमधून उतरायला तयार होईना, तर टीचरनी तिला मार्सेलिसच्या बंदरातल्या त्या उडीची गोष्ट सांगितली. ती उडी तुम्हा-आम्हाला शाळेपासून पाठ आहे. मनूने दुसऱ्या दिवशी बसच्या वरच्या पायरीवरूनच उडी मारली आणि गुडघा फोडून घेतला.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, एखादी गोष्ट धरून बसलेली. कुणी क्रिकेटचा एखादा सामना धरून बसतो, कुणी स्वतःचं लग्न. टीचरनी एक साल धरलं होतं. मी एकदा विचारलं, "दहाच का हो? चौदा का नाही?"

"चौदा, अठरा ही सालं मुलं भांडून घेतात. मी वर्गात प्रत्येकाला एक साल वाटून देते ना, प्रोजेक्टला. दहा कुणाला नको असतं. उरतं बिचारं. मग मीच घेतलं."

एखादं पोरकं पोर घरी आणावं तसं त्या सांगत होत्या.

मग एक्क्याण्णवचा जानेवारी आला. कुवेतचं युद्ध सुरू झालं. आमचे हे तेव्हा कंपनीच्या कामावर सौदीत, खोबरला. मिसाइलं तिकडेच पडत होती. फोन लागायचा नाही, लागला तर मधेच तुटायचा. शारजात काही पडत नव्हतं, पण अफवा मात्र रोज पडत होती. वारा फिरला की विषारी गॅस इकडे येणार. गॅसला रंग नसतो. गॅसला बदामाचा वास येतो. जमियामध्ये, म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात, आधी पाण्याच्या बाटल्या संपल्या आणि मग चिकटपट्टी. टीचरच्या फ्लॅटमधली दुसरी बाई, सायन्सची मल्याळी मॅडम, मिळेल त्या पहिल्या विमानाने कोचीला गेली. मला आईचे निरोप येत होते, ये म्हणून. मी हटून बसले. हे परत आले आणि दाराला कुलूप दिसलं तर?

खरं सांगते, मी इतकी घाबरले होते की मनू शाळेत गेली की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडायची.

एका संध्याकाळी टीचर चहाला आल्या. मी वारा आणि गॅसच घेऊन बसले. त्यांनी कप खाली ठेवला आणि बोट वर केलं.

"ऐक. दहा सालचा मे महिना. आकाशात शेंडेनक्षत्र आलं होतं. एवढी मोठी शेपटी! आणि पृथ्वी त्या शेपटीतून जाणार. कुणा शास्त्रज्ञाने सांगितलं, शेपटीत विषारी वायू आहे. झालं! युरोपात, अमेरिकेत लोकांनी खिडक्या बंद केल्या. दाराच्या फटीत कागद कोंबले. किल्लीची भोकंसुद्धा बुजवली! धूमकेतूवर उतारा म्हणून गोळ्या विकल्या लोकांनी, आणि लोकांनी त्या खाल्ल्या."

"मग काय झालं?"

"काय होणार? सकाळी उठले, तोंड धुतलं, कामाला गेले. नवीन काही नाही."

मनू खदखदून हसली. टीचर हसल्या. मीही हसले. आणि हसता हसता ती शहाणी मनात म्हणत होती, अरेच्चा, किल्लीची भोकं! हे मला सुचलंच नव्हतं.

मनूला दुसऱ्या दिवशी खोकला होता, म्हणून शाळेत पाठवली नाही. तिला पलंगावर बसवून मी कामाला लागले. खिडक्यांना कडेने तपकिरी पट्टी, दोनदा. एसीवर प्लास्टिक. एक्झॉस्टच्या भोकावर पुठ्ठा. बाहेरच्या दाराला वरपासून खालपर्यंत पट्टी, खाली ओला टॉवेल आणि भोकात कापूस. घर कसं डब्यासारखं बंद झालं. मी कमरेवर हात ठेवून बघितलं, आणि त्या महिन्यात पहिल्यांदा मला बरं वाटलं.

मग वाटलं, आता आतली हवा शुद्ध करावी. आमच्याकडे घरात आजारपण आलं की आजी ओव्याची धुरी द्यायची. मनूच्या खोकल्यालाही बरी. खालच्या मजल्यावरच्या ओमानी शेजारणीने ईदला मला ऊद जाळायचं भांडं दिलं होतं, सोबत कोळशाच्या गोल वड्या. मी बऱ्याच वड्या पेटवल्या, वर ओवा आणि लसणाची सालं टाकली, आणि ते भांडं पलंगापाशी ठेवलं. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी.! सगळी दारं-खिडक्या बंद करून, पोरीच्या उशाशी कोळसा!

थोड्या वेळाने मनू म्हणाली, "आई, माय हेड इज हर्टिंग."

"झोप मग जरा," मी म्हटलं.

ती झोपली. गाल कसे लालबुंद झाले होते. खोकलाही थांबला होता. मी तिच्याकडे बघत बसले आणि मला वाटलं, आजीची धुरी ती आजीची धुरी. माझंही डोकं दुखत होतं, पण ते तर रोजच दुखायचं.

बेल वाजली. टीचर शाळेतून आल्या होत्या.

"मनूला कसं आहे गं?"

"बरंय. झोपलीय."

"मग दार उघड की."

"नको टीचर. पट्टी लावलीय. गॅस येईल."

"कुठला गॅस?"

"बाहेरचा."

"अगं, मी बाहेरच उभी आहे! मी काय मेले आहे?"

हे मला फार विनोदी वाटलं. मी हसायला लागले आणि हसू थांबेना. त्या हसण्यातच मी भिंतीला टेकून खाली बसले होते, हे मला नंतर कळलं.

"अशी काय हसतेस? आणि हा कसला वास येतोय?"

"ओवा. धुरी दिली."

"कशावर?"

"कोळशावर."

मग टीचरचा आवाज आला, आणि तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. त्यात एकही साल नव्हतं.

"मनूला हाक मार. उठव तिला. उठतेय का सांग मला. बोल!"

मी हाक मारली. मनू उठली नाही. मी उठायला गेले तर पाय माझे नव्हतेच. गुडघ्यांवर सरकत पलंगापाशी गेले, तिला हलवलं. तिची मान कापडी बाहुलीसारखी कलंडली. मी ओरडले की नाही, आठवत नाही. दाराची पट्टी ओढायला लागले, तर बोटांत जोर नाही. सकाळी मी ती दोनदा लावली होती ना, अगदी मन लावून.

आमच्या घराची एक किल्ली टीचरकडे असायची. ती भोकात शिरेना. आत माझा कापूस होता.

पठाण जिन्यावरून धावत आला होता. "टीचरजी, तोड़ दूँ?" त्याने खांदा मारला, पण दार जाड होतं. टीचरनी अंबाड्यातला आकडा काढला, सरळ केला आणि त्या भोकातला कापूस उकरायला लागल्या. मला आतून तो आवाज ऐकू येत होता. उंदीर कुरतडतो तसा. बारीक, घाईचा, न थांबणारा. आजही कुठे काही कुरतडल्याचा आवाज आला की मी उठून आधी खिडकी उघडते.

किल्ली फिरली. दार टॉवेलला अडलं, मग पठाणाच्या खांद्याने उघडलं. टीचर माझ्या अंगावरून पलीकडे गेल्या. मनूला उचलून जिन्यातल्या उघड्या खिडकीपाशी नेलं. केस सुटलेले, साडीचा पदर जमिनीवर. मनूला गदागदा हलवत त्या एकच म्हणत होत्या, "रड. रड गं बाई. रड."

मनू ओकली. आणि मग रडली. त्या रडण्याइतकं गोड काही मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

हॉस्पिटलात आम्हा दोघींना ऑक्सिजन लावला. सुदानी डॉक्टर मनूच्या बोटांची नखं बघत म्हणाला, "अजून थोडा वेळ गेला असता तर..." आणि पुढचं वाक्य गिळून "अल्हम्दुलिल्लाह" म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी सोडलं.

हे खोबरहून मार्चमध्ये धडधाकट परत आले. शारजात शेवटपर्यंत कुठलाही गॅस आला नाही. आला तो मी केला तेवढाच.

पुढे दहा-अकरा वर्षं टीचर आमच्या समोर होत्या. कुणाच्या घरी जेवायला जमलो की मी ही गोष्ट नकला करून सांगायची, लोक हसून लोळायचे. टीचर तेवढ्यापुरत्या उठून स्वयंपाकघरात जायच्या, भांडी विसळायला. मनूला त्यांनी दहावीचा इतिहास शिकवला. पण शेंडेनक्षत्राची गोष्ट मी त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकली नाही. साठी झाली, शाळेने निरोप दिला, व्हिसा संपला, त्या मिरजेला गेल्या. समोरच्या दारात एक फिलिपिनो जोडपं आलं. काही वर्षांनी मिरजेहून त्यांच्या भाच्याचा फोन आला, आत्या गेली म्हणून. तो मला 'मॅडम' म्हणत होता, आणि मला रडताही येईना.

माझ्याकडे त्यांचा फोटो नाही. हॉस्पिटलातून परत आलो त्या दिवशीच्या टीचर तेवढ्या आहेत. दिवेलागणीची वेळ. सगळ्या खिडक्या सताड उघड्या, चिकटपट्टीची टोकं वाऱ्यावर फडफडत होती, थंडी वाजत होती. मनू माझ्या मांडीवर. बेल वाजली. दारात टीचर, एका काखेत उशी, दुसऱ्या काखेत चादर. मला वाटलं, आमच्यावर लक्ष ठेवायला आल्या. मी म्हटलं, "टीचर, आम्ही आता बऱ्या आहोत हो. तुम्ही कशाला त्रास घेता?"

त्या आत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहून म्हणाल्या:

"तुमच्यासाठी नाही गं आले. मला इथे झोपू दे. मॅडम कोचीला गेल्यापासून मी रोज पलंगाखाली झोपते. तुमच्यासमोर बोलते मी मोठं, पण घरात एकटी असले की मला एकही साल आठवत नाही."