पत्रकाच्या तळाशी छापलेला नंबर

लॉगिन होत नाही ही तक्रार नोंदवायला आधी लॉगिन करावं लागतं. हे मी रचलेलं नाही. त्या मदतीच्या संकेतस्थळावर स्वच्छ अक्षरांत लिहिलेलं होतं: 'तक्रार नोंदवण्यासाठी कृपया लॉगिन करा.' घाटकोपरच्या डोंगरावर आमची वस्ती आहे, तिच्या पायथ्याशी झेरॉक्सचं दुकान आहे. तिथल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून मी ते वाक्य चार वेळा वाचलं आणि मोठ्यानं म्हणाले, "हे लोक शुद्धीवर आहेत का?"

दुकानदारानं मान वर केली नाही. त्याला माझ्या आवाजाची सवय आहे. आमची पत्रकं त्याच्याच मशीनवर निघतात.

शेजारी मावशी उभी होती.

"बस ना मावशी."

"बसलं की झोप येती. तू कर तुझं."

ती माझी सख्खी मावशी नव्हे. आमच्या गल्लीत राहते, आईच्या वयाची आहे, लग्न होऊन मराठवाड्यातून आली ती इथेच. एका मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात अकरा वर्षं कंत्राटावर राबते आहे. चादरी बदलणं, पेशंटला शौचाचं भांडं देणं, स्ट्रेचर ढकलणं. हॉस्पिटलानं त्या महिन्यात काही जणींना कायम करायचं काढलं होतं आणि अट घातली होती रुग्णसेवेच्या कोर्सच्या प्रमाणपत्राची. कोर्स मावशीनं केला होता, ड्यूटी संपल्यावर, सहा महिने, एकही दिवस न बुडवता. पासही झाली होती. पण प्रमाणपत्र हातात मिळत नाही, कोर्सच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यायचं असतं. ते शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत हॉस्पिटलच्या ऑफिसात द्यायचं होतं. मी स्टुलावर बसले तो गुरुवार होता आणि दुपारचे बारा वाजले होते.

पासवर्ड मला पाठ होता, कारण तो मीच दिला होता. कोर्सची नोंदणी आमच्या वस्तीतल्या कार्यकर्त्यांच्या गटानं केली होती, विहाराच्या हॉलमध्ये शिबिर घेऊन. वस्तीतल्या सगळ्या बायकांना आम्ही एकच पासवर्ड दिला: आमची घोषणा आणि पुढे एक-दोन-तीन. कोणी विसरू नये म्हणून. मी तो टाकला. चुकीचा. पुन्हा टाकला, एकेक अक्षर दाबून. चुकीचा. तिसऱ्यांदा मी रागानं टाकला, आणि स्क्रीन म्हणाली की हे खातं आता अठ्ठेचाळीस तासांसाठी बंद आहे.

अठ्ठेचाळीस तास म्हणजे शनिवार दुपार.

"काय झालं गं?" मावशीनं विचारलं.

"काही नाही. थांब."

कोपऱ्यात एक कार्टून हात हलवत होतं, गालाला खळी असलेलं. 'मी तुमची मैत्रीण! काय मदत करू?' मी लिहिलं, खातं उघडा. ती म्हणाली, ब्राउझरमधली जुनी साठवण साफ करा. केली. दुसरा ब्राउझर वापरून पाहा. पाहिला. थोड्या वेळाने प्रयत्न करा. मी तिला जे लिहिलं ते इथे देत नाही. त्यावर ती म्हणाली, 'मला समजलं नाही, पण तुमच्याशी बोलून छान वाटलं.'

अगदी तळाशी, राखाडी बारीक अक्षरांत, लॉगिनशिवाय लिहिता येईल असा एक चौकोन सापडला. मी पत्रकाच्याच सुरात सुरुवात केली: 'अकरा वर्षं रुग्णांची सेवा करणाऱ्या कष्टकरी भगिनीची ही उघड अडवणूक असून...' चौकोन तीनशे अक्षरांनंतर काही घेईना. मग छाटलं. भगिनी गेली, सेवा गेली, निषेध गेला. उरलं ते 'खातं बंद, प्रमाणपत्र उद्या हवं.' खरं तर तेवढंच म्हणायचं होतं, पण तेव्हा मला तो अपमान वाटला.

दोन मिनिटांत उत्तर आलं. 'आपली समस्या सोडवण्यात आली आहे. आपला अनुभव कसा होता?' खाली पाच तारे.

"सुटली?" मावशी.

"नाही."

"मग असं का लिवत्यात?"

दोनच्या ड्यूटीला जाताना ती एवढंच म्हणाली, "पोरी, नसंल होत तर सांग. दुसऱ्या कुनाला इचारते." साधं म्हणाली ती. मला मात्र ते भर सभेत माइक काढून घेतल्यासारखं लागलं.

मग हेल्पलाइन. पाऊण तास बासरी ऐकली. मध्येमध्ये एक बाई सांगे की माझा फोन त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे. शेवटी खरी माणसाची मुलगी आली. हिंदीत सुरू झाली, माझं हिंदी ऐकून मराठीत आली.

"मॅडम, खातं मी इथून उघडते. फक्त ओटीपी लागेल. तुमच्या नोंदणीच्या नंबरवर पाठवू का?"

"कुठल्या नंबरवर?"

"शेवटचे तीन आकडे सांगते."

तिनं ते सांगितले आणि माझे कान गरम झाले. आमच्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी छापलेला तो नंबर होता. देवनारच्या कचरा डेपोच्या धुरावरचं पत्रक असो की पाण्याच्या वेळेवरचं, आकडे चुकलेत का हे शेवटी मीच तपासायचे.

झालं होतं असं. शिबिरात बायकांना मोबाइल नंबर विचारला की प्रत्येकीचं वेगळंच. एकीचा फोन नवऱ्याकडे, एकीचा मुलाकडे, एकीचं सिम दर दोन महिन्यांनी नवं. मी म्हणाले, सरळ गटाचा नंबर टाका, ओटीपी आला की आपणच बघू. ठराव मी मांडला, मीच लिहिला, मंजूर झाल्यावर टाळीही मीच वाजवली. ज्यांच्या हक्कांसाठी आम्ही ओरडत होतो, त्यांच्या खात्याची किल्ली आम्ही आमच्या खिशात ठेवली आणि त्याला संघटन म्हणालो.

आणि तो खिसा आता माझा नव्हता. गटाचा फोन सांभाळायचा आमचा एक साथी. माझ्याच वयाचा, माझ्याइतकाच तोंडाळ. वस्तीच्या पाण्यासाठी तो एका पुढाऱ्याच्या ऑफिसात जाऊन बसला, चहा प्यायला. मी म्हणाले होते, आपण त्यांच्या दारात जायचं नाही, त्यांनी आपल्या गल्लीत यायचं. तो गेला. मी पत्रक काढलं. मथळा होता 'चहात साखरेसारखे विरघळलेले कार्यकर्ते'. आत लिहिलं की यांनी गटाचा नंबरही पळवला. दारोदार टाकलं. गट दोन झाले. तो बोरिवलीला कामाला लागला आणि मी त्याला फोनवर ब्लॉक करून टाकलं.

"मॅडम, हा नंबर तुमचा नाही का?"

"होता. बदलता येईल?"

"येईल ना. त्यासाठी याच नंबरवर ओटीपी येतो."

"अहो, आणि नंबरवाला मेला असला तर?"

"तर मृत्यूचा दाखला अपलोड करायचा, मॅडम." ती जरा थांबली. "लॉगिन करून."

मग तिलाच हसू आलं. आवाज खाली आणून म्हणाली, "ऐका, उद्या मी नऊपासून आहे. नंबरवाल्याला दुसऱ्या फोनवर धरून मला कॉल करा. तक्रार क्रमांक सांगितलात की माझ्याकडेच येईल."

एवढं सोपं होतं. एक फोन. तो मी केला नाही.

हे लपवण्यात अर्थ नाही म्हणून लिहिते. तो फोन टाळायला मी मुलुंडला गेले. कोर्सचे वर्ग तिथे भरत. शटर खाली, त्यावर कागद: 'सर्व सेवा ऑनलाइन.' वॉचमनशी भांडले, ज्याचा काही संबंध नव्हता. परत आले, वस्तीच्या पायऱ्या चढले, उतरले, पुन्हा चढले. डोक्यात एक नवं पत्रक तयार होत होतं, कोर्सवाल्यांवर, संकेतस्थळावर, खळीवाल्या कार्टूनवर. चांगली वाक्यं सुचत होती. मावशीचा कागद तसाच अडकलेला होता.

शुक्रवारी साडेदहाला ती दुकानात आली. ड्यूटी बदलून घेतली होती.

"त्या पोराला फोन लावलास का?"

"कुठल्या?"

"उगं येड पांघरू नको. नंबर त्याच्यापाशी हाय हे साऱ्या वस्तीला म्हाईत हाय. तुमचं भांडन बी म्हाईत हाय. ते पत्रक माझ्या दारात पडलं व्हतं."

"वाचलंस?"

"त्याच्यावर मेथी निवडली." मग आवाज न चढवता म्हणाली, "तुमच्या दोघांच्या मधी माझा कागद नको ठिवू, बाई."

ती मला पोरी म्हणायची. बाई म्हणाली.

मावशीच्या फोनवरून मी त्याला लावला.

"मी बोलतेय."

"मी कोण?"

"नाटकं नको करूस रे."

"अच्छा. इकडे साखर बोलतेय. बोला." मागे टेप फाडल्याचा आवाज येत होता. तो गोदामात पॅकिंगवर होता.

मी सांगितलं. शेवटी 'प्लीज' म्हणाले. त्यावर तो टोमणा मारेल याची वाट पाहिली, पण तो म्हणाला, "तो फोन लॉकरमध्ये असतो. आत न्यायला बंदी आहे. दहा मिनिटं दे, लघवीचं सांगून बाहेर येतो."

मग माझ्या एका कानाला माझा फोन, त्यावर हेल्पलाइनची मुलगी. दुसऱ्या कानाशी मावशीनं तिचा फोन धरलेला, त्यावर तो. समोर दुकानाचा कॉम्प्युटर. पहिला ओटीपी त्याच्याकडे पोचेपर्यंत मेला. मुलीनं दुसरा पाठवला. मावशीनं फोन माझ्या कानापासून काढला आणि स्वतःच्या कानाला लावला.

"बाळा, सावकाश सांग. तुम्ही दोगं लई घाई करता."

तो एकेक आकडा सांगे, ती मोठ्यानं म्हणे, मी दाबत होते. खातं उघडलं.

"जुना पासवर्ड चालणार नाही म्हणावं तिला," तो पलीकडून म्हणाला, मला ऐकू जाईल इतक्या जोरात. "अख्ख्या वस्तीला तोंडपाठ होता. मी सगळ्यांचे बदलले. सात महिन्यांपूर्वी यादी पाठवली होती तिला."

पाठवली असणार. ब्लॉक केलेल्या माणसाची यादी कुठे जाते कोण जाणे. त्यानं नवा पासवर्ड सांगितला आणि स्क्रीनवर मावशीचा फोटो आला, शिबिरात विहाराच्या निळ्या भिंतीपुढे काढलेला.

'डाउनलोड' दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, पाच वेळा दाबलं.

"मॅडम, दाबू नका," मुलगी म्हणाली. "वर उजव्या कोपऱ्यात बारीक लाल खूण दिसते? तुमच्या ब्राउझरनं नवी खिडकी अडवलीय. तिला परवानगी द्या."

खूण तिथेच होती. आदल्या दिवशी असती तरी दिसली नसती मला. परवानगी दिली, फाइल उतरली आणि उघडताना तिनं जन्मतारीख मागितली.

"मावशी, जन्मतारीख?"

"थंडीतली. आई म्हनायची हरभऱ्याला घाटे आलते."

हरभऱ्याचे घाटे संगणक घेत नाही. पण मला आठवलं. ज्यांना तारीख सांगता येईना त्या सगळ्यांना आम्ही शिबिरात एक जून लावला होता, शाळेत मास्तर लावत तसाच. वर्ष आधार कार्डावरचं. टाकलं. प्रमाणपत्र उघडलं.

प्रिंटरमधून कागद बाहेर आला तेव्हा मावशीनं दोन्ही हात पदराला पुसून तो घेतला. "दोन झेरॉक्स पन काढ," ती दुकानदाराला म्हणाली. पाऊण वाजला होता. कागद पिशवीत घालून ती बसस्टॉपकडे गेली.

सव्वातीनला त्याचा फोन आला. म्हणजे मी त्याला अनब्लॉक केलं होतं.

"मावशीचा आला होता आत्ता. कागद घेतला हॉस्पिटलवाल्यांनी. झेरॉक्सवर पोच मारून घेतलीय, तारखेसकट. तुला सांग म्हणाली."

"मला का नाही केला?"

"ते तू तिला विचार." टेप फाडल्याचा आवाज. "पायथ्याकडच्या बायका मला फोन करतात ओटीपीसाठी. जेवणाच्या सुट्टीत सांगतो. तुझ्या गल्लीतल्या कोणी करत नाहीत. त्यांना वाटतं तू चिडशील."

मी म्हणाले, "नंबर पळवला असं छापलं होतं मी. ते चूक होतं. तसं पत्रक काढते."

"आणि चहाचं?"

"चहाचं मागे घेणार नाही."

"नको घेऊस. चहा बेकारच होता."

त्यानंतरचे रविवार आम्ही विहारात बसलो. नंबर बदलायचा तर आधी जुन्या नंबरवर ओटीपी, म्हणजे प्रत्येक बाईमागे तो लागणारच. तो बोरिवलीहून यायचा, गटाचा फोन मध्ये सतरंजीवर ठेवायचा. मी यादीवर खुणा करायचे. दर दहा मिनिटांनी आमचं वाजायचं, बायका म्हणायच्या, आधी ओटीपी सांगा, मग भांडा.

पहिल्या रविवारी रांगेत पहिली मावशी होती. कायम झालेल्यांची यादी तोवर लागली नव्हती. ती पुढे लागली आणि मावशीचं नाव तीत होतं. पण त्या दिवशी तिला ते माहीत नव्हतं आणि तिनं त्याबद्दल विचारलंही नाही. तिनं स्वतःचं नवं सिम आणलं होतं, मुलाच्या जुन्या फोनमध्ये घातलेलं. नंबर बदलला. आता नवा पासवर्ड.

"सांग मावशी, मी टाकते," मी हात पुढे केला.

तिनं फोन छातीशी धरला.

"तू तिकडं बघ," ती म्हणाली. आणि त्याला, "तू बी रे."

आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून बसलो. मागे ती एकेक अक्षर शोधून दाबत होती, त्याचे टकटक आवाज येत होते. बराच वेळ लागला.