पहिल्या वेच्याची गादी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं रोजचं काम म्हणजे रेच्यावर कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणं. मी दांडा फिरवत होतो, बायको समोर बसून कापूस सरकवत होती. सरकी तिच्या पुढ्यात पडायची, रुई पलीकडं. बाजूला आमचं पोरगं उकिडवं बसून बोलत होतं, आणि आम्ही दोघं कामाच्या नावाखाली त्याचं ऐकत होतो.

ही रुई विकायची नव्हती. आमच्याकडं पहिल्या वेच्याचा कापूस घरातच ठेवतात. बांधावर दहीभात टाकायचा, मग वेचायचं, आणि तो पहिला कापूस देवाच्या वातीला नाहीतर घरच्या अंथरुणाला. पण त्या सालात ही रीत कोण पाळतो? सातासमुद्रापलीकडं कुठं लढाई जुंपली होती आणि विलायतेला आमच्या वऱ्हाडाच्या कापसाची भूक लागली होती. अमरावतीच्या बाजारात गाड्यांवर गाड्या. लोकांनी पहिला वेचा विकला, शेवटचा विकला, मग घरातल्या गाद्या उसवून तीही रुई विकली. आमच्या शेजाऱ्यानं तर म्हाताऱ्या आईच्या अंगाखालची गादी काढली आणि बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. म्हातारी तुराट्यांवर गोणपाट टाकून निजायची.

माझी बायको मात्र हलली नाही. पोरगं मुंबईला शिकायला जाणार, तर पहिल्या वेच्याच्या गादीवर निजेल, एवढं तिनं ठरवून टाकलं होतं.

पोरगं अकोल्याच्या सरकारी शाळेत शिकून कॉलेजच्या प्रवेशाची परीक्षा पास झालं होतं. मी म्हणत होतो वकील हो. कापसाच्या पायी एवढी भांडणं, वकिलाला मरण नाही. त्याच्या डोक्यात मात्र भलतंच होतं. बी.ए. व्हायचं आणि त्यात मनाचं शास्त्र घ्यायचं. असं शास्त्र असतं हेच मला नवं होतं. मी ही गोष्ट गावात सांगितली, तर दुसऱ्या दिवशी एकजण आपला मारका बैल घेऊन दारात हजर. पोराला म्हणाला, याच्या मनात काय हाय ते पाय. पोरगं बैलाकडं पाहत राहिलं, बैल पोराकडं. माझी बायको चुलीपाशी पदरात तोंड खुपसून हसत होती.

त्या दिवशी रेच्यावर तिनंच विचारलं, की बाबा, हे शिकायचं तरी कशाला. पोरानं शेजाऱ्याच्या घराकडं हात केला.

"माय, तो काही वाईट माणूस नाही. मले ताप आला तवा त्यानंच पाठीवर घेऊन वैद्याकडं नेलं होतं. मंग कापसाचा भाव चढला आन् त्यानं मायच्या अंगाखालची गादी काढली. हे कावून होते, कशापायी होते, ते मले शिकाचं हाय."

ती सरकवायची थांबली. मीही थांबलो. मग तिनं एकामागून एक विचारायला सुरुवात केली. पोरगं सांगत गेलं. आधी इंग्रजी, संस्कृत, गणित, मग तर्क, आणि मन सगळ्यात शेवटी. मी म्हणालो, मनापाशी पोचायला एवढा वळसा? ती म्हणाली, वखरल्याशिवाय तुम्ही कधी पेरलं का?

मग आम्ही तिघंही सुटलो. आगगाडी खानदेशापर्यंतच आलेली, तिथवर बैलगाडीनं कोण सोडेल, आगगाडीत गादी कुठं ठेवू देतील, मुंबईत ज्वारी मिळते का, तिथल्या मास्तरला मन दिसतं का. मला तर वाटायला लागलं की मीच चाललो. हात आपोआप जोरात फिरायला लागला.

"हळू फिरवा," ती म्हणाली. "सरकी फुटून राहिली. पोराच्या गादीले डाग पडतीन."

त्याच आठवड्यात गावात पटकी शिरली. बायको सकाळी पाणी भरून आली आणि दिवस बुडायच्या आत गेली. तिच्या जागेवर दिवा लावायचा, तर बायकांनी वातीला कापूस मागितला. मी त्याच रुईतली मूठभर दिली. बाकीची पुन्हा बांधून ठेवली.

तेरवीचं जेवण उरकलं तसं तिच्या भावानं विषय काढला. घरात बाईमाणूस नाही, पोराचं लग्न वर्षाच्या आत लावा, मुंबई राहू द्या. सोयऱ्यांनी माना हलवल्या. बोलणं खोटं नव्हतं. मी पोराकडं पाहिलं. मान खाली घालून ते म्हणालं, "बा, मी राहतो. तू एकटा पडशीन."

हे ऐकलं आणि मला रेच्यावरचा तिचा चेहरा आठवला. रागच आला मला.

"एकटा तं पडलोच," मी म्हणालो. "तू राहिल्यानं ते चुकते का? भाकर मले थापता येईन. बी.ए. होता येत नाही."

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, तुमाले कवापासून भाकर थापता येते?"

"उद्यापासून."

दुसऱ्या दिवशी सकाळी थापली. एका बाजूनं करपली, दुसरीकडं कच्ची. पोरानं सगळी खाल्ली. मग मी रुईचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि पिंजाऱ्याकडं गेलो. चालताना कधी नव्हे ते झपाझप पाय उचलत होतो.

पिंजारी रुई पिंजायची कमान भिंतीला टांगून रिकामाच बसला होता. म्हणाला, आजकाल लोक गादी उसवायलाच बोलावतात, भरायला तुम्हीच आलात. गाठोडं सोडून त्यानं रुई हातात घेतली, उजेडात धरली. जागोजागी फुटलेल्या सरकीचे पिवळे डाग होते. काढून टाकू का, त्यानं विचारलं. मी म्हणालो राहू दे, सगळी भर.

"लांबी किती ठेवू?"

मी जमिनीवर पोराच्या उंचीएवढी रेघ ओढली. मग पुढं सरकून ती आणखी हातभर वाढवली.

"अजून वाढून राहिला तो," मी म्हणालो.