मेलच्या तळाचा पत्ता

तिला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका परक्या माणसामुळे. त्याआधी जिन्यात भेटलो तर हसायचो, एवढंच. ती दुसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. तिच्या सासूबाईंच्या खोकल्यावरून आणि संगणकाच्या टकटकीवरून वर माणसं आहेत हे मला कळायचं.

त्या दुपारी माझी बेल वाजली. दारात एक आजोबा, धाप लागलेली, हातात घडी घातलेला छापील कागद. "पडद्यांचं ऑफिस हेच का?" मी कागद पाहिला. पत्ता आमच्याच इमारतीचा होता, फक्त एक मजला वरचा. त्यांना जरा टेकू दिलं आणि हळूहळू वर घेऊन गेले.

दार तिनेच उघडलं. जेवणाच्या टेबलावर संगणक, शेजारी कापडाच्या नमुन्यांची चळत. ऑफिस म्हणायचं तर ते एवढंच. तिच्या मावसभावाचा, म्हणजे दादाचा, पडद्यांचा धंदा होता. दुकानाचं भाडं झेपेना म्हणून त्याने ते बंद करून सगळं मेलवरून विकायला घेतलं होतं, आणि मेल लिहायचं काम हिला दिलं होतं. अशा मेलच्या तळाशी धंद्याचा खरा पत्ता लागतो, असा हे मेल पोचवणाऱ्या कंपनीचा नियम आहे. दुकान तर उरलं नव्हतं. दादाने हिच्या घराचा पत्ता घातला आणि भिडेपोटी ही हो म्हणाली.

तेव्हापासून अधूनमधून कुणीतरी मेलना वैतागून भांडायला यायचं. सासूबाईंना त्याची मजा वाटे. भांडणाऱ्याला त्या आधी बसवायच्या, मग त्याच्या मुलाबाळांची चौकशी करायच्या. बिचारा आपण कशासाठी आलो तेच विसरून जायचा.

आजोबा मात्र भांडायला आले नव्हते. त्यांनी कागदाची घडी उलगडली; तिच्याच एका मेलची छापून घेतलेली प्रत होती. वरची ओळ होती: 'तुमचं पार्सल अडकलं आहे. लगेच बघा.' खाली पडद्यांवरची सूट. खालचं त्यांनी वाचलंच नव्हतं. बायकोसाठी गुडघ्याचा पट्टा मागवला होता, तो काही केल्या येत नव्हता. कुरियरच्या ऑफिसात हेलपाटे घालून झाले, तिथे कुणी दाद देईना. मग कागदाच्या तळाशी पत्ता दिसला.

"इथे अडकलंय ना?" ते म्हणाले. "द्या, मी घेऊन जातो."

तिचा चेहरा उतरला. दादाचं नाव पुढे करता आलं असतं, पण तिने केलं नाही.

"आजोबा, इथे पार्सल नाही. लोकांनी मेल उघडावा म्हणून ती ओळ मी लिहिली होती."

आजोबांना ते समजायला वेळ लागला. समजल्यावर ते रागावले नाहीत, नुसते "अस्सं" म्हणाले आणि कागदाची घडी पुन्हा पहिल्यासारखी घालत बसले. त्या घडीकडे तिला बघवेना. रिक्षापर्यंत ती त्यांच्याबरोबर गेली.

रविवारी तिने दादाला बोलावलं आणि मलाही. "बाई, तुम्ही नुसत्या बसा. वडीलधारं कुणी असलं की दादा आवाज चढवत नाही." काम गेलं तर घर कसं चालायचं हा घोर तिला होताच. नवऱ्याची नोकरी फिरतीची आणि कच्ची.

तिने त्या कंपनीचे नियम वाचून ठेवले होते. मेलमध्ये जे असेल तेच वरच्या ओळीत हवं. पाठवणाऱ्याचं नाव खरं हवं. कुणी 'पुरे' म्हटलं तर त्याला पाठवणं थांबवायचं. दादाने शांतपणे ऐकून घेतलं. तसा तो वाईट माणूस नव्हे, धंद्याने घायकुतीला आलेला. म्हणाला, सगळेच असं लिहितात. 'पडदे स्वस्त' म्हटलं तर उघडतो कोण? आणि आपल्यासारख्या चिल्लर लोकांना कोण धरायला येतंय?

"धरायला कुणी येत नाही रे," ती म्हणाली, "पण दारात येतात. आणि दार माझं आहे."

"मग पत्ता बदलू."

"बदल की. तुझ्या घरचा घाल. फक्त आधी वहिनीला विचार."

दादाने उरलेला चहा एका घोटात संपवला. आतून सासूबाईंचं हसू ऐकू आलं, ते त्यांनी खोकल्यात बुडवलं.

पुढच्या मेलच्या वरच्या ओळीत तिने लिहिलं: 'पडद्यांवर सूट आहे. गरज नसेल तर राहू द्या.' दादाने दुसरं वाक्य काढलं, पहिलं ठेवलं. मेल उघडणारे कमी झाले, विक्रीही घसरली. दादाने तिचं काम तीन दिवसांवर आणलं आणि बरेच महिने तो तिच्याकडे फिरकला नाही. तिने कुरकुर केली नाही, पण तो येत नाही हे तिला लागलं होतं. मग एकदा काही न कळवता कापडाचे नवे नमुने घेऊन आला, जेवून गेला.

आजोबांचा पट्टा मिळाला की नाही, ते आम्हाला कधी कळलं नाही. फोन नंबर विचारायचं राहून गेलं, असं ती अजून मध्येच म्हणते.

सध्या ती तीन दिवस पडद्यांचे मेल लिहिते आणि उरलेले दिवस चौकातल्या चष्म्याच्या दुकानात काम करते. मेलच्या तळाशी पत्ता अजून तिच्याच घराचा आहे.