तट्टांनी खाल्लेलं छप्पर

आमचे कमरुद्दीनचाचा रिटायर झाले आणि बिघडले. जन्म दुबईत, देऱ्याच्या ट्रेडिंग ऑफिसात गेला. त्यानंतर माणसानं अल बर्शातल्या फ्लॅटमध्ये एसी लावून पडावं की नाही? यांनी रास अल खैमाच्या डोंगरांच्या पायथ्याशी जुन्या मालकाचा, अरबाबाचा, ओसाड मजरा, म्हणजे शेतघर, राहायला मागून घेतला. सोबत एका रायडिंग स्कूलमधून म्हातारी झालेली तीन तट्टं आणली. त्यांची नावं खोत, मुकादम आणि बेगम. बेगम कुणाचंच ऐकत नसे. हे नाव कुणावरून ठेवलं, ते खतीजाचाचीला सांगायची माझी हिंमत नव्हती.

चाचांनी भिंती लिंपल्या, विहिरीतला गाळ काढला, खजुरांना पाणी सोडलं. शेजारचे लोक गोठ्यावर खजुराच्या झावळ्या घालतात. चाचा मात्र रत्नागिरीचे, त्यांनी सुकं गवत आणून छप्पर शाकारलं. मी म्हटलं, "चाचा, तट्टांचं जेवण त्यांच्याच डोक्यावर कशाला?"

"तू ऑफिसात बस, वासिफ."

चाची अल बर्शातून हलायला तयार नव्हत्या. त्यांनी फोनवर सुनावलं होतं, "एकदा येऊन बघीन. राहण्यासारखं नसलं तर खलास. तट्टं परत, आणि तुम्हीपण परत." चाचांची त्या फोननंतर झोप उडाली होती. मजऱ्याशिवाय ते राहिले असते कसेबसे, पण चाचीशिवाय त्यांना चहासुद्धा गोड लागत नाही.

शुक्रवारी चाचीला आणायचं ठरलं. आदल्या दिवशी मी मजऱ्यावर गेलो, तर चाचा लावलेलं घर विस्कटत होते! शेगडी ऐन दारातल्या वाऱ्यात, मिरचीचा डबा साखरेशेजारी. मग "तौबा, तौबा" करत त्यांनी खाटेचं पायतं किब्ल्याकडे, ऐन मक्केच्या दिशेला फिरवलं.

"चाचा, हे काय?"

"अरे, नीटनेटकं घर दाखवलं तर ती शाबास म्हणेल आणि गाडीत बसेल. बिघडलेलं दाखवलं तर सुधारत बसेल. एकदा पदर खोचला की ती कुठली जाते!"

शुक्रवारी अल बर्शाला मी चाचीकडे चहा पीत बसलो. माझ्या गाडीची किल्ली देऊन त्यांनी खाली वॉचमनला काहीतरी काम सांगितलं होतं, मी लक्ष दिलं नाही.

मजऱ्यावर सगळं चाचांच्या मनासारखं घडलं. चाचींनी शेगडी सरकवली, डबे हलवले, खाट फिरवली. चाचा चेहरा पाडून उभे होते. मला हसू आवरेना.

मग त्या गोठा बघायला गेल्या. मुकादम छपराचं गवत खात होता. त्यानं एक झुपका जोरात ओढला आणि छपराची अख्खी किनार चाचींच्या अंगावर आली. डोक्यात गवत, तोंडात धूळ! वर बेगम येऊन त्यांच्या खांद्यावरचं गवत खायला लागली.

चाची ताडकन वळल्या. "वासिफ, यल्ला, गाडीकडे चल."

चाचांचा चेहरा आता खराच पडला. "खतीजा, ऐक तरी," एवढंच ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं. आम्ही गाडीपाशी पोचलो.

"डिकी उघड."

मी उघडली. आत चाचींच्या दोन बॅगा, गोधडी, विळी आणि पाटा-वरवंटा.

"काय बघतोस? उतरव." मग त्या चाचांकडे वळल्या. "हॉटेलातसुद्धा पलंग फिरवून झोपणारा माणूस तुम्ही! आपल्या घरात खाटेचं पायतं किब्ल्याकडे कराल? मला काय खुळी समजता?"

चाचा मान खाली घालून वाळूत चप्पल घासत राहिले.

"छप्परपण मुद्दाम पाडलंत?"

"नाही गं, अल्लाशपथ. ते मी चांगलं म्हणूनच केलं होतं."

चाचींनी केसातलं गवत काढून बेगमला भरवलं.

"मग राहते," त्या म्हणाल्या. "सुधारायला तुमचं खरंच बिघडलेलं असं एक तरी आहे इथं."