आफ्रिकेचा बाप, बर्म्याचा बाप, माहा बाप

"उभे राहा," पाळकसाहेब म्हणाले. मी अन् माहा बाप उभे राहिलो.

सौंसरच्या मिशनची उपासना. समोर खुर्च्यांवर परदेशी पाहुणे. माहा बाप पांढुर्ण्याच्या कापसाच्या जिनातून थेट आला होता. केसांत रुई तशीच. टोपी हातात. पाळकसाहेब पाहुण्यायले इंग्रजीत सांगत, मग आमच्यासाठी मराठीत.

"हा मनुष्य दारुडा होता. बायकोला रक्त निघेपर्यंत मारायचा. पोरीच्या पायातले वाळे विकून दारू प्याला. आज पाहा."

पाहुण्यायनं पाहिलं. टाळ्या वाजवल्या. एक मडम उठली अन् माह्या बापाचा खांदा थोपटला, पोळ्याच्या बैलाले थोपटते तसा. बाप म्हणाला, "थँक्यू." त्याले इंग्रजी तेवढंच येत होतं.

माहा बाप दारू पेत नाही. कधीच पेला नाही. वाळे माह्या पायात कधी नव्हतेच, तर विकन काय? अन् मारायचं म्हणाल तर मायनंच त्याले एकदा लाकूड हाणलं होतं, बकरी बाजारात हरवून आला म्हणून.

तो ख्रिस्ती काहून झाला, ते सांगते. भाऊ पोटात होता तवा माय तापानं फणफणली. सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरनं ओट्यावरूनच पुडी फेकली. आमची जात त्याले माहीत होती. मग बापानं तिले बंडीत टाकून मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथली नर्स आपलीच मराठी बाई. तिनं मायचं डोकं मांडीवर घेतलं. माय वाचली. बाप म्हणाला, "ज्या देवाची बाई हात लावते, त्या देवाचा मी."

एवढीच त्याची साक्ष. लहान होती. पाहुण्यायले पुरली नसती.

मले त्या नर्सवाणी व्हायचं होतं. म्हणून मी मिशनच्या बोर्डिंगात राहून शिकत होती. बोर्डिंगच्या गोऱ्या मिससाहेब मले नागपूरच्या नर्सिंग शाळेत धाडणार होत्या. त्या साली राज्यं नवीन पडली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. शाळेतल्या पोट्ट्या म्हणत, आता नागपूरले जाशीन तर परदेशी होशीन. मी म्हणे, होऊ दे, मडमेवाणी गोरी होऊन येईन.

तर आम्ही खाली बसलो. पाहुण्यायतला मोठा साहेब उठला. तो देशोदेशी फिरून ख्रिस्ती मंडळ्या वाढवत होता. म्हणे, आफ्रिकेत एक बाप होता. दारुडा. बायकोला मारे. पोरीच्या गळ्यातले मणी विकून प्याला. बर्म्यात एक बाप होता. दारुडा. बायकोला मारे. पोरीच्या बांगड्या विकून प्याला.

सगळ्या पोट्ट्या रडून राहिल्या होत्या. मी चाल ऐकून राहिली होती. मी नकला करायची, अन् नकला करणाऱ्याले शब्दाच्या आधी चाल ऐकू येते. चाल एकच होती. देश बदले, दागिना बदले. बाप तोच.

जेवण झाल्यावर नळावर भांडी घासता घासता मी साहेबाची नक्कल केली. परात पोटाशी धरली, आवाज नाकात नेला. "कोरिया! वन फादर! नथ विकली! अमेरिका! वन फादर! मोटार विकली!" पोट्ट्या हसून हसून लोळल्या. माही मैत्रीण शांता तर राखेतच बसली. डोळे पुसत मले म्हणे, "पण तुहा बाप खरंच पेत होता का वं?"

शांता आमच्या शेजारची. आमच्या घरी जेवून मोठी झालेली. माह्या बापानं तिले खांद्यावर बसवून बाजार दाखवला होता. तरी विचारून राहिली होती. टाळ्या वाजल्या होत्या ना.

नक्कल तिथंच बंद पडली.

दुसऱ्या दिवशी मिससाहेबांनं बोलावलं. पाहुणे पांढुर्ण्याले जाणार होते. जिनाजवळच्या वस्तीत सभा. "टुला चांगले आवाज काढटा येटाट. बापाची गोष्ट टू स्वटः सांग. रडलीस टर फार चांगला. मग मी टुला नागपूरला पाठविटे."

सभेले जिनातले सगळे गडी आले. बाप मागं उभा. मी उठली.

"माहा बाप दारू पेत नाही," मी म्हटलं. "कधीच पेला नाही. हे गडी बसले आहेत, त्यायले विचारा."

एक गडी ओरडला, "खरं आहे बाई! पाजून पाहिली, पेत नाही!"

हशा झाला. मग मी मायची, नर्सची गोष्ट सांगितली. पाळकसाहेब इंग्रजी करू लागले. थोडं इंग्रजी मले समजते. 'ड्रंकर्ड' ऐकू आलं. 'बीट हिज वाइफ' ऐकू आलं. पाहुणे माना हलवून राहिले होते. पाळकसाहेब माह्या डोळ्यासमोर माही साक्ष पालटून राहिले होते.

मी हनुवटी वर केली अन् मिससाहेबांच्या आवाजात म्हटलं, "नो. माय फादर डझ नॉट ड्रिंक. टेल देम."

पाहुण्यायनं पहिल्यांदा पाळकसाहेबांकडं पाहिलं. पाळकसाहेबांनं जमिनीकडं.

सभा उठल्यावर मिससाहेब म्हणाल्या, "रविवारी सगळ्यांच्या समोर माफी माग. नाही टर नागपूर नाही. बोर्डिंग पण नाही."

मी पांढुर्ण्यालेच बापाच्या घरी थांबली. सकाळी माहे जुने मास्तर आले. लहानपणी मले वर्गाबाहेर बसवणारे. आताही आवारात पाय न टाकता बोलले, "शाब्बास! आता आमच्या हिंदूंच्या सभेत ये. मिशननं दुधाची पावडर देऊन बाटवलं, असं सांग." त्यायलेही एक बाप पाहिजे होता. यायच्या गोष्टीतला बाप दारुडा नव्हता, हावरा होता. मी त्यायच्याच आवाजात म्हटलं, "ए, लांब! सावली पडते!" मास्तर दोन पावलं मागं सरकले अन् मग त्यायले समजलं कोणाचा आवाज आहे.

बाप ओट्यावर बसला होता. म्हणाला, "म्हणून टाक ना बाई. पेत होतो म्हण. माहं काय जाते? तू नर्स होशीन."

काय जाते ते त्याले पक्कं माहीत होतं. माह्याकडं पाहत नव्हता.

"नाही बाबा," मी म्हटलं. "आयतवारी आपण सौंसरले जाऊ. बसू. माफी मागणार नाही अन् उठूनही जाणार नाही. देव तुहा आहे. तू कोणाच्या सांगण्यावरून नाही धरला."

"हाकलतीन ना वं."

"हाकलू दे. हाताले धरून काढावं लागन. मग तरी हात लावतीन."

नर्स होईन, नाही तर जिनात कापूस वाहीन. पण बापाले विकून काहीच होणार नाही. माह्या बापाची गोष्ट माह्या तोंडून निघन तर खरी निघन. दुसऱ्याच्या तोंडून खोटी निघाली, तर मी मधातच बोलीन. मराठीत बोलीन, हिंदीत बोलीन, त्यायच्या इंग्रजीत बोलीन. दर वेळी.