डोकी वर येईपर्यंत

आमच्या चेन्नईच्या कॉलेजात सभागृहाचा संगणक आणि माईक सांभाळणारे एक गृहस्थ होते. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. ते प्रत्येक मुलीला तमिळ रीतीप्रमाणे मायेने ‘अम्मा’ म्हणायचे.

माझ्या सादरीकरणात मोबाईलवरून मत द्यायचा एकच प्रश्न होता: घरातून कॉलेजला आलेले तुम्ही पहिलेच का? माझं उत्तर ‘हो’ होतं. पडद्यावर ते एकटंच दिसेल, या भीतीने आवडी या उपनगरातून येताना गाडीत मी तो प्रश्न सारखा उघडून बघत होते.

“प्रश्न काढून टाकू का?” मी त्यांना विचारलं.

“राहू दे, अम्मा. सगळ्यांची मतं येईपर्यंत निकाल मी झाकून ठेवतो. आलेखात उंच पट्टी दिसली की सगळे तिकडेच पळतात.”

मतदान सुरू झालं. ते पडद्याकडे बघतच नव्हते. चष्मा कपाळावर सरकवून मोबाईलवर वाकलेली डोकी बघत होते. निकाल उघडा अशी मी घाईने खूण केली, तर त्यांनी तळहात दाखवून मला थांबवलं. शेवटचं डोकं वर आल्यावरच त्यांनी निकाल उघडला.

‘हो’ची पट्टी अर्ध्याच्या वर गेली. मुलं एकमेकांकडे बघू लागली.

“मीसुद्धा,” मी माईकसमोर पुटपुटले.

त्यांनी माईकचा आवाज आधीच वाढवून ठेवला असावा. शेवटच्या रांगेपर्यंत ते ऐकू गेलं.